पालक, मेथी, कोबी

गुरुजी माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार वगैरे काही झाला नाही. ते दारातच उभे राहिले, वरच्या पाटीकडे चांगली दोन मिनिटं बघत राहिले आणि मग आत येऊन म्हणाले, "बाई, पाटीवरच्या टंकलेखनाचा अनुस्वार पुसला गेलाय. निदान तुमच्या धंद्यात तरी असं असू नये." एवढं बोलून त्यांनी हातातली ओली कापडी पिशवी सरळ माझ्या कीबोर्डवर ठेवली. पिशवीत पाला होता. वर एक वही होती.

"हे सगळं टाइप करायचंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, मी पाला टाइप करत नाही.

खोपटला एसटी डेपोसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि किरकोळ छपाईचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडेटा, जातीच्या दाखल्याचे अर्ज, असलं काम. येणाऱ्या प्रत्येकाला बस पकडायची असते आणि प्रत्येकाला माझ्याच दुकानात उशीर होत असतो. वीस वर्षं हे ऐकून माझं डोकं कायम तापलेलं असतं, त्यामुळे गुरुजींना मी नीट बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मास्तरकी केलेल्या माणसाला समोरचं माणूस चिडलेलं बघायची सवय असते.

मुरबाडच्या पलीकडे डोंगरात ठाकर आदिवासींच्या ज्या वाड्या आहेत, तिथल्या शाळांत त्यांची तीसेक वर्षं गेली होती. मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्त झाल्यावर मुलाकडे कोलशेतला आले. पाहुणे म्हणून एकदा जुन्या वाडीवर गेले, तर शाळेतल्या नव्या मास्तरांनी त्यांना पहिलीचा वर्ग दाखवला. पोरं गप्प. नाव विचारलं तरी गप्प. मास्तर म्हणाले, पहिलं वर्ष ही मुलं अशीच बसतात, मुकी. गुरुजींनी परिसर अभ्यासाचं पुस्तक उघडलं. 'आपला परिसर' म्हणून जे चित्र होतं त्यात बाग होती, सिग्नल होता, टपालपेटी होती, उंच इमारतीच्या दाराशी रखवालदार होता. खिडकीबाहेर सगळा डोंगर उभा होता आणि त्यातलं पुस्तकात काहीच नव्हतं.

म्हणून ते आता ठाकरांच्या बोलीत, त्यांच्याच डोंगराचं पुस्तक करत होते. झाडं, पाखरं, ओढ्यातले मासे, रानातल्या भाज्या, कंद. ठाण्यातल्या एका संस्थेनं छापायचं कबूल केलं होतं, मात्र दिवाळीच्या आत सगळा मजकूर हातात हवा होता. हे त्यांनी मला सांगितलं ते विनंतीच्या सुरात नव्हे, गृहपाठ दिल्यासारखं. मी वही ठेवून घेतली. का ठेवून घेतली ते मला आजही सांगता येणार नाही. माझी आई घरात मालवणी बोलायची आणि शाळेत बाईंनी मला त्यावरून बाकावर उभं केलं होतं, एवढं एक कारण असू शकेल.

माणूस विक्षिप्त होता, यात वाद नाही. खिशात लाल पेन. डेपोतल्या फलकावरच्या चुका त्यांनी इतक्यांदा दुरुस्त केल्या की तिथले कंट्रोलर त्यांना बघितल्यावर फलकासमोर उभे राहायचे. एका लग्नात त्यांनी पत्रिका तपासून मुलीच्या बापाच्या हातात दिली, वर दहापैकी सहा गुण. मी टाइप केलेलं पान बिनचूक निघालं की ते अस्वस्थ व्हायचे, चष्मा काढून पुन्हा वाचायचे, आणि शेवटी कागद तिरका कापलाय म्हणून सांगायचे. स्वतःची चूक मात्र त्यांना कधी सापडलेली मी बघितली नाही.

पुस्तकाचा त्यांचा एक नियम होता. जे खाल्लं नाही ते लिहायचं नाही. पाखरांना त्यातून सूट होती, पाल्याला नव्हती. कोलशेतला त्यांच्या मुलाची सोसायटी म्हणजे मोठे टॉवर, खाली लॉन, कारंजं. त्या लॉनच्या कडेला पावसात आपोआप उगवणारा टाकळा आणि कुर्डू माळी उपटून टाकायचा. गुरुजी पहाटे खाली उतरून माळ्याच्या आधी तो खुडायचे. कमिटीनं नोटीस काढली की सोसायटीच्या आवारातील वनस्पती तोडू नयेत. गुरुजींनी नोटीस तपासली, सात चुका काढल्या आणि सेक्रेटरींच्या दारात परत लावली. त्यांची सून एकदा माझ्याकडे झेरॉक्सला आली होती. फार समजूतदार बाई. म्हणाली, "बाबांना एकटं खाली सोडायची भीती वाटते हो. काय चरून येतील नेम नाही."

हे सगळं गमतीचं. पण दोन वर्षं झाली, संस्थेनं दिवाळीची मुदत दोनदा पुढे ढकलली, तरी पुस्तकाची निम्मी पानं कोरी होती.

पाखरांचं झालं, माशांचं झालं, मोठ्या झाडांचं झालं. वाडीतल्या म्हाताऱ्या बाप्यांनी ते सांगितलं होतं. भाज्या आणि कंद राहिले, कारण ते बायकांचं खातं. डाव्या बाजूला पानाचं चित्र, उजवीकडे कोरी जागा, अशी तीस-चाळीस पानं माझ्या कम्प्युटरवर पडून होती. मी विचारलं, मग बायकांना विचारा की. ते म्हणाले, विचारलं. शाळेत टिकलेल्या बायकांना अर्धवट येतं. सगळं जिला येतं ती एकच आहे, सगळी वाडी तिचंच नाव सांगते. कुठे असते ती? गुरुजींनी पेन रस्त्याच्या पलीकडे केलं.

डेपोच्या भिंतीला टेकून सकाळी ज्या भाजीवाल्या बसतात, त्यातली ती एक. मी तिला दहा वर्षं ओळखत होते. काटक, माझ्याच वयाची, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेलं. पहाटेच्या गाडीनं मुरबाडहून निघायची, कल्याणला गाडी बदलून खोपटला उतरायची, टोपलं रिकामं झालं की दुपारी परत. मी तिला ताई म्हणायचे, तीही मला ताई म्हणायची. बोलायला मोकळी. भारंगी कशी करायची, किती वेळा उकडायची, हे मला तिनंच शिकवलं होतं. त्यामुळे गुरुजींना ती सांगत नाही हे मला खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पलीकडे जाऊन बघितलं. गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले, वही उघडली, एक जुडी उचलली आणि बोलीत विचारलं, हिला काय म्हणता? तिनं जुडी त्यांच्या हातातून काढून घेतली, टोपल्यात ठेवली.

"पालक," ती म्हणाली.

ही दुसरी?

"मेथी."

आणि हा कंद?

"कोबी. तुमाला तं सगला ठावं ना, गुरुजी."

आवाजात राग नव्हता. शेजारणी पदराआड हसत होत्या. गुरुजी उठले, वही मिटली आणि माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. मी चहा मागवला. तेव्हा त्यांनी सांगितलं, एकदाच, पुढे पुन्हा कधी नाही.

ती तिसरीत होती. त्यांनी वर्गात प्रश्न विचारला होता, पालेभाज्यांची नावे सांगा. सगळा वर्ग गप्प आणि ही एक पोरगी उभी राहिली. बोटं मोजत तिनं सुरुवात केली. एका श्वासात पंधरा-वीस नावं झाली असतील, अजून चालूच होती. गुरुजींना त्यातलं एकही नाव ओळखीचं नव्हतं. ते तिला म्हणाले, ही भाजी नव्हे, हे गवत आहे, गवत गुरं खातात. वर्ग हसला. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, पालक, मेथी, कोबी. तिनं ते पाटीवर शंभर वेळा लिहायचं.

"कोबी त्या वाडीत कुणी बघितलेला नव्हता," गुरुजी म्हणाले. "मीसुद्धा तिथं गेल्यापासून खाल्ला नव्हता. बाजार बारा मैलांवर. रोज तिच्याच आईनं दिलेली भाजी मी जेवत होतो आणि नाव विचारलं नव्हतं."

तिनं शंभर वेळा लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही, शेळ्या घेऊन रानात गेली. महिन्याभरानं गुरुजींनी हजेरीपटावरून तिचं नाव कमी केलं. ज्या मुली शाळेत राहिल्या त्यांना पालक, मेथी, कोबी पाठ झाला. जिला घालवलं तिच्यापाशी सगळं रान राहिलं. हे सांगताना त्यांनी चहा हातात तसाच धरला होता आणि त्यावर साय आली होती. मला त्यांचा त्या क्षणी राग आला, आणि बरं वाटावं म्हणून काही बोलायची इच्छाही झाली नाही. मी म्हटलं, चहा घ्या, गार होतोय.

त्यानंतरही ते रोज रस्ता ओलांडायचे. रोज पालक, मेथी, कोबी ऐकून परत यायचे. मला वाटायचं, या वयात कशाला हा अपमान करून घ्यावा. एकदा मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "शंभर वेळा व्हायचं आहे, बाई. आत्ता कुठे तेवीस वेळा झालंय."

जूनच्या तोंडावर शेवळं आली. ठाण्याच्या जुन्या माणसांना शेवळं सांगायला नकोत. जमिनीतून भाल्यासारखी वर येतात, भाजी अप्रतिम होते, पण घशाला विलक्षण खाजतात. म्हणून विकणारी बाई शेवळांबरोबर काकडं देते, हिरवी आंबट फळं असतात ती, आणि आतला पिवळा भाग काढून टाकायला सांगते. न सांगता कुणी देत नाही, तो रिवाजच आहे. त्या सकाळी तिनं माझ्यादेखत चार गिऱ्हाइकांना काकडं मोजून दिली, पिवळं काढा म्हणून सांगितलं. मग गुरुजी आले. तिनं त्यांना शेवळांच्या दोन जुड्या दिल्या. काकडं दिली नाहीत. सांगितलंही काही नाही.

मी रस्ता ओलांडून सांगायला हवं होतं. गल्ल्यापाशी गिऱ्हाईक होतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

दोन दिवस गुरुजी आले नाहीत. सुनेचा फोन आला की बाबांचा घसा सुजलाय, बोलता येत नाहीये, डॉक्टरांकडे नेलं होतं. मी तशीच उठून पलीकडे गेले आणि तिला म्हटलं, ताई, म्हातारा माणूस आहे, मेला असता म्हणजे? ती टोपल्यावर पाणी शिंपडत होती. शिंपडायची थांबली.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आले. ओठ सुजलेले, आवाज पूर्ण बंद. माझ्याकडे न येता थेट तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले आणि बोटानं दाखवलं, शेवळं, दोन जुड्या. तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग जुड्या पिशवीत टाकल्या आणि वर ओंजळभर काकडं टाकली.

दुकानात आल्यावर त्यांनी माझ्या पॅडवर लिहिलं, 'पेपर अवघड होता. मी नापास.' आणि खाली सही केली. मी विचारलं, काकडांचं तुम्हाला ठाऊक नव्हतं? तीस वर्षं काढलीत तिथे. त्यांनी लिहिलं, 'ताटात शिजून यायचं. विचारलं नाही.'

काकडं दिली म्हणजे ती बोलायला लागली असं मुळीच झालं नाही. फक्त पालक, मेथी, कोबी बंद झालं. आता ते विचारायचे आणि ती गप्प बसायची. शाळा सुरू झाली होती. गुरुजींनी नव्या मास्तरांशी बोलून ठरवलं की एखाद्या शनिवारी तिनं पहिली-दुसरीच्या पोरांना भाज्या दाखवाव्यात, आपण मागं बसून लिहून घेऊ. हे तिला विचारायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. तिनं एका वाक्यात विषय संपवला. "शालेत नाय येयाची मी." छत्तीस-सदतीस वर्षांत तिनं त्या शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. पोरीचं लग्न झालं, नात झाली, नातीचं नाव शाळेत घालायलासुद्धा जावई गेला होता.

मी म्हटलं, नात कशी आहे शाळेत? हे मी सहज विचारलं होतं.

ती म्हणाली, घरी माझ्याहून जास्त बोलते. रानात गेली तर पाखरांशी बोलते. शाळेत बोलत नाही. मास्तरनं विचारलं, पोरीला ऐकायला येतं ना? एवढं सांगून ती जुड्या बांधायला लागली. पानाचा दोरा दोनदा तुटला. मग वर न बघता म्हणाली, "आंगनात येन. आत नाय."

त्या शनिवारी मी दुकान बंद ठेवलं. असं मी सहसा करत नाही. सकाळच्या गाडीनं कल्याण, तिथून मुरबाड, पुढे जीप, मग अर्धा तास चढण. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि वाटेत एकही पाटी त्यांनी तपासली नाही. घाबरले होते.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणाला लागून उतार आणि उतारावर सगळं हिरवं. पोरं ओळीत बसली होती. ती अंगणाच्या कडेला उभी होती, ठेवणीतलं लुगडं, पायाशी पाल्याचं टोपलं. मास्तरांनी तिची ओळख करून दिली, टाळ्या वाजवायला सांगितल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले.

आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. खोपटच्या फुटपाथवर पोलिसांशी भांडणारी बाई ती. टोपल्याकडे बघत नुसती उभी. तिची नात पुढच्या ओळीत होती, तिनं मान खाली घातली. मास्तर म्हणाले, सांगा ना बाई, लाजता काय. त्यानं आणखीच बिघडलं. ती पदराचं टोक हातात घेऊन वळली, आता ही उतरून जाणार हे मला दिसलं.

तेवढ्यात गुरुजी पुढे झाले. टोपल्यातला टाकळा उचलून त्यांनी पोरांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात, फळ्यासमोर उभं राहून सांगतात तसं, मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं की ही कवळ्याची भाजी.

पोरं खुदकन हसली. कवळा आणि टाकळा यांत घोटाळा तिथलं दूधपितं पोरही करत नाही. ती थांबली.

गुरुजींनी भारंगी उचलली. ही धुवायची, चिरायची आणि लगेच खायची, उकडून पाणी टाकायची काही गरज नाही.

"पोट दुखंल," ती म्हणाली. हळूच, पण म्हणाली.

गुरुजी पुढे निघाले. लोत नावाच्या रानभाजीचं चांगलं उमललेलं, पसरलेलं पान त्यांनी तोडून आणलं आणि ही फार चविष्ट भाजी म्हणून सांगितलं. ती दोन पावलं पुढे आली. उमललेलं नाही खायचं, पान गुंडाळलेलं असतं तेव्हाच खुडायचं, आणि आंबट घातल्याशिवाय शिजवायचं नाही, हे तिनं त्यांना सांगितलं, मग पोरांकडे वळून पुन्हा सांगितलं. एका पोरानं विचारलं, आंबट कुठलं? तिनं सांगितलं. दुसऱ्यानं आपल्या आईचं सांगितलं. गुरुजी एकामागून एक चुकत होते आणि पोरं त्यांची चूक धरायला टपून बसली होती. मास्तर तोंड उघडं टाकून ऐकत होते, कारण त्यांचा मुका वर्ग एकदम बोलत होता. मी वहीत उतरवून घेत होते, माझा हात दुखायला लागला.

शेवटी गुरुजी उतारावर गेले. तिथे चाईचा वेल झाडावर चढत होता. त्यांनी खुरपं मागून घेतलं, वेलाच्या मुळाशी खणलं आणि आतला कंद अख्खा उपटून, माती झटकून, सगळ्यांना दिसेल असा वर धरला. चेहऱ्यावर मोठी फुशारकी होती.

कुणी हसलं नाही. पुढच्या ओळीतली तिची नात ताडकन उभी राहिली. "आता नाय काढायचा, गुरुजी. वेल चढतंय अजून."

मास्तर त्या पोरीकडे बघतच राहिले. आजी तिच्याआधीच उताराशी पोचली होती. तिनं कंद गुरुजींच्या हातातून ओढून घेतला, खरंच रागानं. वेल वाळला की मग खणायचा, आणि तेव्हाही वरचं डोकं वेलासकट मातीत परत पुरायचं, नाहीतर पुढच्या साली काय खाशील, असं ती गुरुजींना पोरांदेखत ठणकावून म्हणाली. कंद तिनं खड्ड्यात नीट उभा ठेवला, हातानं माती लोटली आणि टाचेनं दाबली. गुरुजी मान खाली घालून उभे होते. मग ती तिथेच उतारावर बसली, पोरं उठून तिच्याभोवती गेली, आणि दुपारची जेवणाची वेळ टळून गेली तरी वर्ग सुटला नाही.

परतीच्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. वही माझ्या मांडीवर होती, भरलेली. दिवाळीच्या आत पुस्तक होणार हे आता नक्की होतं. मी भलतीच खुशीत होते. मी म्हटलं, गुरुजी, मानलं तुम्हाला. अकरा वेळा चुकलात, मी मोजलं. आयुष्यात एक काना-मात्रा न चुकलेला माणूस, पोरांसमोर इतकं झकास नाटक करेल असं मला वाटलं नव्हतं.

ते खिडकीबाहेर बघत होते. कल्याणचा पूल आला तेव्हा त्यांनी मान वळवली. मग म्हणाले, "पहिल्या दोनदा नाटक होतं, बाई. पुढच्या नऊ वेळा खरंच चुकलो."